वाहनाची भाषा
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वर्धा येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा विषयाची निवडही त्यांनी आमच्यावरच सोपविली. अशा व्यासपीठावरून शिक्षण, हुंडाबंदी, व्यसनमुक्ती, सामुदायिक विवाह यांवर दरवर्षी व्याख्याने होतात आणि ती व्हावयासच पाहिजेत. परंतु मंडपाबाहेर एम.एच. ३२ क्रमांकाच्या मोटारींची जी लांबच लांब रांग लागली आहे, ती पाहून आमच्या मनात एक निराळाच विषय आला. एके काळी आपली मंडळी एस.टी.ने, सायकलीने, किंबहुना बैलगाडीनेही संमेलनास येत असत. आज घरोघर मोटार आली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या मोटारींच्या मालकांपैकी आपल्या वाहनाच्या चाकांत हवा किती असावी हे किती जणांस सांगता येईल, हा प्रश्न आमच्या मनास लागून राहिला आहे. म्हणून आज मोटारीची निगा आणि तिच्यातील बिघाडाची ओळख याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही मिस्त्री नव्हे. आमचा जन्म खडू आणि फळा यांत गेला. पण आपल्या समाजातील गॅरेजवाल्या मंडळींजवळ बसून जे ऐकले व पाहिले, तेच सोप्या भाषेत आपल्यापुढे ठेवणार आहोत.

आपण सुतार-लोहारांची मुले आहोत. या मुलखातील चाक आपल्या पूर्वजांच्या हातून घडले. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव यांचा मेळ घालणे ही सामान्य विद्या नव्हती. धाव लाल तापवावी, ती प्रसरण पावली की लाकडी चाकावर चढवावी आणि वर पाणी ओतून आवळून घ्यावी. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील उष्णतेचा धडा आपले आजे अंगणात प्रत्यक्ष करून दाखवीत होते. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली की चाक पाण्यात भिजत घालावे, आसाला वेळेवर वंगण द्यावे, हे गाडीवानास सांगावे लागत नसे. आसाची कुरकुर ऐकून कोणत्या चाकात दोष आहे हे तो अंधारातही ओळखी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी होई. वर्षभर जोखड वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी लावताना तेथे गाठ, सूज वा जखम आहे काय हेही हाताला कळे. अर्थात् पूजा आणि तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत.

आज आपण दसऱ्याला मोटारीस झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्या श्रद्धेस आमचा विरोध नाही. परंतु ज्या चाकाखाली लिंबू ठेवले त्या चाकाची नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे काय, हे वाकून पाहणारा विरळा. पूजा राहिली आणि तपासणी गळून पडली, हे आमचे दुःख आहे.

हे दुःख केवळ भावनेचे नाही. भारत सरकारच्या रस्तेवाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील बहुसंख्य अपघात अतिवेगाने होतात, सर्वच यंत्राच्या दोषाने होत नाहीत, हे खरे आहे. परंतु वेग वाढला की यंत्रातील लहानसा दोषही मोठा होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत जी गतिज ऊर्जा असते, तिच्या चौपट ऊर्जा तीच गाडी १२० ने धावत असताना असते. ती सारी ऊर्जा ब्रेकला आणि टायरला आवरावी लागते. आपल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. गावातल्या रस्त्यावर ४० च्या वेगाने जी मोटार बिनतक्रार फिरत होती, तीच येळाकेळीच्या फाटकातून महामार्गावर चढते आणि घटकाभरात १२० चा वेग घेते. त्यात वैशाखाचे ऊन, पारा ४५ अंशांच्या वर आणि खाली तापलेला सिमेंटचा रस्ता! अशा वेळी जुने टायर मालकाची भीड धरीत नाहीत.

म्हणून पहिला विचार टायरचा करू. हवा कमी असलेला टायर धावताना प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतो व पुन्हा उभा राहतो. या सततच्या वाकण्याने तो आतून तापतो आणि शेवटी फुटतो. पुष्कळ लोकांची समजूत अशी की, उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. ही समजूत घातक आहे. कारखान्याने ठरविलेला दाब बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तोच प्रमाण मानावा. दाब मोजावयाचा तो सकाळी, टायर थंड असताना. गाडी चालवून टायर तापले की दाब स्वाभाविकपणे वाढतो. तो वाढलेला पाहून हवा सोडू नये.

टायरची झीजही वाचता आली पाहिजे. दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. मध्य झिजला व कडा राहिल्या, तर हवा जास्त होती. एकच कड झिजली, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. नक्षीच्या खाचांत रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली, म्हणजे खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलावयाचा. टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. समजा, ते '२३२१' असे असतील, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर वयानेही कडक होते व त्यास भेगा पडतात. म्हणून पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी तो जाणत्या माणसाकडून दरसाल तपासून घ्यावा. स्टेपनीची हवाही पाहावी. अडचणीच्या वेळी बाहेर काढलेली स्टेपनीच बसलेली निघाली, तर तिचा उपयोग तो काय?

आता इंजिनाकडे वळू. आठवड्यातून एक दिवस गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन थंड असू द्यावे आणि बोनेट उघडावे. डिपस्टिक ओढून फडक्याने पुसावी, पुन्हा आत घालून बाहेर काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. ते काळपट दिसले म्हणून घाबरू नये, कारण इंजिनातील काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण ते दुधाळ, चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून गाडी तशीच मिस्त्रीकडे न्यावी, आणि तीही शक्यतो ओढून.

कूलंटची टाकी अर्धपारदर्शक असते व तीवर दोन रेघा असतात. त्या रेघांमध्ये पातळी असावी. आपल्या भागात कित्येक मंडळी विहिरीचे वा बोअरचे पाणी ओततात. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तसेच साचतात, जसे ते आपल्या घरच्या बंबात साचतात. शिवाय साधे पाणी १०० अंशांस उकळते. कूलंटचे मिश्रण बंद झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरेच अधिक तापमान सोसते. यास्तव पुस्तकात सांगितलेले कूलंटच घालावे. आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. इंजिन तापून काटा लाल खुणेवर गेला तर गाडी सुरक्षित कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, पण रेडिएटरचे झाकण तात्काळ उघडू नये. आत दाबाखाली कोंडलेले पाणी वाफ होऊन तोंडावर उसळते. निदान अर्धा तास थांबावे, आणि इंजिन पुरते निवल्यावरच झाकणास हात लावावा.

बिघाड ओळखण्याकरिता परमेश्वराने आपणांस जी इंद्रिये दिली आहेत, त्यांहून मोठी यंत्रशाळा नाही. प्रथम कान. ब्रेक दाबताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला तर ब्रेकचे पॅड संपत आले. पुष्कळ पॅडमध्ये पत्र्याची एक पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजला की ती चकतीस घासून ओरडते, मालकास सावध करणे हेच तिचे काम. त्याकडे दुर्लक्ष केले की पुढे लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखर आवाज येतो, आणि मग शेकड्यांत होणारे काम हजारांत जाते. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं चाकाच्या बेअरिंगची. पूर्ण वळण घेताना पुढून येणारी कट्-कट् ॲक्सलच्या सांध्याची. सकाळी गाडी सुरू करताना पट्टा किंचाळला तर तो सैल झाला किंवा झिजला. चावी फिरविल्यावर नुसतीच टक्-टक् झाली आणि दिवे मंदावले, तर बॅटरी थकली. आपल्या उष्ण हवेत ती तीन-चार वर्षांतच थकते. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल, तर जोडणी सोडून, आधी ऋण टोक आणि मग धन टोक, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने साफ करावी व कोरडी करून पुन्हा घट्ट बसवावी.

दुसरे इंद्रिय डोळे. मागील नळीतून निळसर धूर निघाला तर इंजिन तेल जाळीत आहे. काळा धूर निघाला तर इंधन पुरते जळत नाही. एअर फिल्टर कोंदला असण्याचा संभव असतो, आणि कापूस-सोयाबीनच्या हंगामात आपल्या पांदणरस्त्यांवरील धुळीत तो फार लवकर कोंदतो. दाट पांढरा धूर सतत निघत राहिला तर कूलंट इंजिनात शिरत असावे. मात्र हिवाळ्याच्या सकाळी क्षणभर दिसणारी वाफ हा दोष नव्हे. गाडी काढल्यावर मागे वळून जमिनीकडे पाहण्याची सवय लावावी. एअरकंडिशनरचे स्वच्छ पाणी पडले तर चिंता नाही. तेलकट काळा डाग, रंगीत कूलंट अथवा चाकाजवळ ब्रेकचे तेल दिसले तर चिंता आहे. समोरच्या दिव्यांचा नियम सोपा आहे. पिवळा दिवा म्हणजे सवडीने पण लवकर दाखवा. लाल दिवा म्हणजे थांबा. त्यातही तेलाच्या पळीचा लाल दिवा धावत्या गाडीत लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नये. तेलाच्या दाबावाचून इंजिन मिनिटांत निकामी होते.

तिसरे इंद्रिय नाक. क्लच जळाल्याचा वास आला, इंजिनाचा आवाज चढला पण गाडीचा वेग मात्र वाढेना, तर क्लच प्लेट झिजली. पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद करून सर्वांनी उतरावे आणि काडी पेटवू नये. वायर जळाल्याचा वास तर सर्वांत गंभीर. आपल्या गावांत घराच्या ओट्यालगत धान्याची पोती व कापसाचे ढीग असतात. तेथील उंदीर बोनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात. पंधरा दिवसांनी बोनेट उघडून हे पाहिले पाहिजे. फ्यूज उडाला की त्याजागी तार गुंडाळण्याची जी वाईट खोड आहे, ती तर साक्षात् अग्नीस आमंत्रण होय. फ्यूज हा घरच्या राखणदारासारखा आहे. त्याला हाकलून दिल्यावर चोराला दोष देण्यात अर्थ नाही.

चौथे म्हणजे हातापायांचा स्पर्श. ब्रेकचा पेडल मऊ, स्पंजासारखा लागला तर नळीत हवा शिरली आहे. गाडी ब्रेक मारताना एका बाजूस ओढली तर दोन्ही चाके सारखी धरत नाहीत. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरले तर चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा शोषलेले तेल लवकर उकळते. म्हणून ते बहुतेक गाड्यांत दोन वर्षांनी बदलावे लागते. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटातून उतरताना काही मंडळी पेट्रोल वाचविण्याकरिता गाडी न्यूट्रल करतात, आणि कोणी कोणी तर इंजिनही बंद करतात. दोन-चार रुपयांसाठी हा केवढा जुगार! इंजिन बंद झाले की ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारी मदत बंद होते, आणि सारा भार ब्रेकवर पडून तो तापून निसटू लागतो. ज्या गिअरमध्ये चढण चढावी त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास इंजिनाचे दांडे वाकतात.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता आपल्याही जिल्ह्यात दिसू लागल्या आहेत. त्यांत इंजिन ऑईल नाही, पण टायर, ब्रेक, कूलंट आणि दिवे यांची निगा तीच आहे. त्यांतील नारिंगी रंगाच्या जाड तारांस मात्र घरच्या माणसाने हात लावू नये.

भगिनींनो, हे सारे पुरुषांचे काम आहे असे आपण समजू नका. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली मोटारगाडीचे पेटंट घेतले. पण तिचा पहिला लांबचा प्रवास ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी दोन मुलांना बरोबर घेऊन केला. मॅनहाइम ते फोर्ट्सहाइम हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आणि साखळी बिघडली, ती एका लोहाराने नीट करून दिली. जगातील पहिली लांबची मोटारसफर एका गृहिणीच्या सावध नजरेमुळे आणि दोन कारागिरांच्या हातांमुळे शेवटास गेली, ही गोष्ट आपण आपल्या मुलामुलींना अवश्य सांगावी.

येथे आम्ही आमच्या मुख्य म्हणण्यावर येतो. याच वर्धा शहरात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. शिक्षण हाताच्या उद्योगाच्या द्वारे दिले जावे, हा तिचा विचार नई तालीम या नावाने देशभर गेला. पुढील वर्षी, १९३८ साली, गांधीजींच्याच हस्ते येथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि ग्रामोद्योगांची साधने लोकांपुढे मांडली गेली. ज्या गावाने देशाला हाताचा मान शिकविला, त्या गावातील आणि त्यातही सुतार-लोहारांच्या घरातील शिकलेला तरुण बोनेट उघडताना हात काळे होतील म्हणून संकोचतो, याला काय म्हणावे? वधूवर-मेळाव्यात कचेरीतील कारकुनाची चिठ्ठी प्रथम वाचली जाते आणि गॅरेज चालविणाऱ्या मुलाची चिठ्ठी शेवटी उरते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहतो. या मुलाची मिळकत कित्येकदा अधिक असते. परंतु त्याचे नखांत अडकलेले काळे तेल आपणांस दिसते आणि त्याची विद्या दिसत नाही. रात्रीच्या वेळी रस्त्यात गाडी अडली की मात्र आपण त्याच मुलास फोन करून ‘बाबा, ये रे’ म्हणून विनवितो! त्याच्या एका कानाने ओळखलेल्या बिघाडावर आपल्या लेकरांचे प्राण अवलंबून असतात.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की, प्रत्येक घरी रविवारची दहा मिनिटे वाहनाला द्यावीत. टायर, तेल, कूलंट, ब्रेकचे तेल, दिवे आणि वायपर एवढे सहा पाहावे, आणि हे काम दहावीच्या वरच्या मुलाने व मुलीने करावे. दुसरी अशी की, खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो, त्या दिवशी समाजभवनाच्या अंगणात आपल्या मिस्त्री बांधवांनी सर्वांच्या वाहनांची तपासणी करावी व समाजाने त्यांस योग्य मानधन द्यावे. फुकट मागू नये. आणि तिसरी अशी की, गुणवंतांच्या सत्कारात टक्केवारीबरोबर आय.टी.आय. उत्तीर्ण होऊन आपले गॅरेज उभे करणाऱ्या तरुणाचेही नाव यावे, त्यालाही याच व्यासपीठावर, याच माईकसमोर बोलवावे.

यंत्र एकाएकी दगा देत नाही. ते आधी कुरकुरते, थरथरते, वास देते, दिवा लावते. आपल्या आजोबांनी आसाची कुरकुर ऐकली आणि वेळेवर वंगण दिले. मोटारीच्या काचा आता बंद असतात आणि आत गाणे मोठ्याने लावलेले असते, एवढाच फरक. आज घरी परतताना पहिली पाच मिनिटे गाणे बंद ठेवून आपापल्या वाहनाचे ऐकावे, एवढी विनंती करून आणि आपण सर्वजण सुखरूप घरी पोहोचा अशी विश्वकर्म्याचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.